वणवा दारी येण्यापूर्वी

रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या पावसावर डोंगरउतारांवरील गवत पुरुषभर वाढते. दिवाळीनंतर ते पिवळे पडू लागते आणि माघ-फाल्गुनात पूर्ण वाळून जाते. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावरील लोधिवली व चौक या परिसरातून प्रबळगड, इर्शाळगड आणि माणिकगडाच्या उतारांकडे उन्हाळ्याच्या रात्री पाहिले, तर एखाद्या डोंगरावर आगीची लाल रेघ सरकताना दिसते. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की ‘डोंगर पेटला’ एवढे म्हणून आपण झोपी जातो. मात्र डोंगराच्या पायथ्याशी आणि माचीवर वसलेल्या ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या, शेतकऱ्यांचे गोठे, पेंढ्याच्या उडव्या आणि अलीकडच्या काळात उभी राहिलेली शेतघरे या रेघेच्या वाटेवर असतात. वणवा विझविण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. घर आणि त्याचे आवार वणव्याला तोंड देण्यास आधीच कसे सिद्ध ठेवावे, याचा विचार त्या मानाने फार थोडा होतो.

आग लागते कशी?

आपल्याकडील बहुतेक वणवे मनुष्याच्या हातून लागतात. भाताच्या रोपांसाठी टहाळ, पालापाचोळा, शेण व गवत पसरून राब भाजण्याची प्रथा कोकणात जुनी आहे. वारा फिरला की राबाची आग बांध ओलांडून वरकस जमिनीवर जाते. मोहाची फुले वेचताना झाडाखालचा पाचोळा पेटविणे, रस्त्याकडेला विडीचे थोटूक टाकणे, गडावर आलेल्या पर्यटकांनी चूल न विझविता निघून जाणे, कचरा जाळणे, ही आणखी काही कारणे होत. जाळल्याने पुढील वर्षी गवत जोमाने येते, असाही समज आहे. प्रत्यक्षात वारंवार जळणाऱ्या उतारावर रोपे व बी नष्ट होतात, माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात वाहून जाते.

घर जळते कशामुळे?

ज्वाळांची भिंत घरावर चालून येते व घर गिळते, असे चित्र आपल्या मनात असते. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी अनेक वर्षे वणव्यात जळालेल्या घरांचा अभ्यास केला. त्यातून असे दिसून आले की, पुष्कळ घरे दूरच्या ज्वाळांनी पेटत नाहीत. वाऱ्यावर उडून आलेले निखारे आणि घराला लागून असलेले वाळके पदार्थ ही त्यांच्या जळण्याची मुख्य कारणे ठरतात. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये वणव्यात जवळजवळ बेचिराख झाले आणि त्या वणव्याने ८५ माणसांचा बळी घेतला. तेथेही अनेक घरे जळून राख झाली असताना शेजारची झाडे हिरवी उभी होती.

आपली घरे या दृष्टीने पाहिली, तर धोका कोठे आहे हे लगेच ध्यानात येते. पावसाळ्यासाठीचे जळण चैत्र-वैशाखात गोळा होते आणि नेमके पडवीत, भिंतीला टेकून रचले जाते. पेंढ्याची उडवी गुरांना वैरण घालण्याच्या सोयीसाठी गोठ्याला खेटून असते. पावसाळ्यात बांधलेले गवताचे व झापांचे आडोसे उन्हाळ्यातही तसेच राहतात. कौलांच्या फटींत व पन्हळीत पाला साचतो आणि त्याखाली वासे व रिपा असतात. कारवीच्या कुडाचे, गवताने शाकारलेले घर असेल, तर एक निखारा पुरेसा होतो. यातील बहुतेक गोष्टी घरमालकाला पैसा खर्च न करता बदलता येतात.

तीन वेढे

घराभोवती तीन वेढे आहेत असे समजून कामाची विभागणी करावी.

पहिला वेढा भिंतीपासून ५ फुटांचा. येथे जळणारे काहीही असू नये. सारवलेले किंवा फरसबंदी अंगण हे उत्तम संरक्षण होय. जळण, गोणपाट, रिकामी खोकी, वाळलेल्या झावळ्या येथून हलवाव्यात. कौलांवरील पाला माघ महिन्यापूर्वी काढावा, फुटलेली कौले बदलावीत आणि भिंतीचा कूड मातीने नीट लिंपून घ्यावा.

दुसरा वेढा ३० फुटांपर्यंतचा. येथील गवत मुळाशी कापून गोळा करावे. मोठ्या झाडांच्या जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंतच्या वाळक्या फांद्या काढाव्यात, म्हणजे खालची आग शेंड्यावर चढत नाही. मोरीच्या सांडपाण्यावर केळी, अळू, कर्दळ लावल्यास तो भाग उन्हाळ्यातही ओला राहतो. काट्याकुट्यांच्या वाळक्या कुंपणाऐवजी शेर, निवडुंग किंवा अडुळशाची हिरवी वई धरावी. बांबूचे बेट, निलगिरी, वाळक्या झावळ्यांचे ताड-माड घराला खेटून असू नयेत. शेतघरांच्या मालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पावसाळ्यात लावलेली शोभेची हिरवळ मालक नसताना उन्हाळ्यात वाळून जाते आणि तेच पहिले इंधन ठरते.

तिसरा वेढा १०० फुटांपर्यंतचा. उडवी शक्यतो या वेढ्यात, घरापासून दूर आणि भोवतालची जमीन खरवडून रचावी. आग चढावर वेगाने धावते. उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारणतः दुप्पट होतो. म्हणून उतारावरील घराने खालच्या बाजूचा वेढा अधिक रुंद ठेवावा. मात्र या निमित्ताने जिवंत झाडे तोडू नयेत. उताराची माती त्यांच्याच मुळांनी धरून ठेवलेली असते आणि वृक्षतोडीस परवानगीही लागते. गवत, पाचोळा व वाळकी काटकी एवढेच दूर करावयाचे आहे.

गावाचे काम

एका घराची सिद्धता शेजारच्या घरावाचून अपुरी असते. वनखात्याच्या लेखी वणव्याचा काळ १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आहे. त्यामुळे २६ जानेवारीची ग्रामसभा या कामाच्या नियोजनास योग्य होय. वाडीभोवती गवत कापून व जमीन झाडून जाळरेषा काढणे, राब भाजण्याचे दिवस ठरविणे, त्या वेळी पाणी व माणसे हजर ठेवणे, आणि वनरक्षकास आगाऊ कळविणे, असे ठराव करता येतात. वनहद्दीत जाळून जाळरेषा काढण्याचे काम वनखात्याकडेच सोपवावे. राबाला पर्यायही आहेत. गादीवाफ्यावर रोपे तयार करता येतात. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात चिखलणी व लावणी नसल्याने राब भाजण्याची गरजच उरत नाही.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावणे हा अपराध आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. कलम ७९ तितकेसे परिचित नाही. वनात हक्क असणाऱ्या किंवा गुरे चारण्याची परवानगी असणाऱ्या व्यक्तींवर, तसेच वनालगतच्या गावातील शासकीय सेवकांवर आणि समाजाच्या सेवेसाठी शासनाकडून मोबदला घेणाऱ्यांवर वणवा विझविण्यास तत्काळ साहाय्य करण्याचे बंधन हे कलम घालते. त्यासाठी कोणी आज्ञा देण्याची वाट पाहावयाची नसते. वणव्याची सूचना आता उपग्रहाद्वारेही मिळते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नोंदणी केल्यास आपल्या भागातील आगीचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६, अग्निशमन दलाचा १०१ व आपत्कालीन सेवेचा ११२ हे क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर ठळकपणे लिहावेत.

आग जवळ आल्यास

प्रथम मुले, वृद्ध व आजारी माणसे यांना कापणी झालेल्या मोकळ्या भातखाचरात न्यावे. चढावर कधीही पळू नये. गुरांची दावी सोडावीत. गॅसची टाकी बंद करावी, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. सुती व अंगभर कपडे घालावेत. ओली गोणपाटे व पाण्याच्या घागरी निखाऱ्यांसाठी हाताशी ठेवाव्यात. आग पुढे गेल्यावरही काही तास कौले व गोठा तपासत राहावे, कारण दडलेला निखारा नंतर पेटतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत मोटाररस्ता नसल्याने मदत पथकांना पायी डोंगर चढून जावे लागले. ती आपत्ती पावसाची होती. परंतु डोंगरावरील वाडीला बाहेरची मदत किती उशिरा पोहोचते, हे तिने सर्वांना दाखवून दिले. अशा वाडीवर पाण्याचा बंबही पोहोचणार नाही. तेथे पहिला तास गावकऱ्यांचाच असतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी आपापल्या घराचे तीन वेढे मोजून घ्यावेत, पंचायत सदस्यांनी प्रत्येक वाडीची एक फेरी करावी. शिमग्यापूर्वी पडवीतील जळण हलले आणि उडवी गोठ्यापासून दूर गेली, तर डोंगरावर आगीची रेघ दिसली तरी वाडीला अधिक निर्धास्त राहता येईल.