पॉइंट मोजू नका, कडा धरा

माथेरानचा बेत बहुतेक घरांत उलट्या बाजूने ठरतो. आधी हॉटेल बघायचं, मग जेवण शाकाहारी की मांसाहारी ते विचारायचं, मग मिनी ट्रेन चालू आहे का याची चौकशी, आणि चालायचं किती हा प्रश्न सगळ्यांत शेवटी. तोही दस्तुरी नाक्यावर, हातात बॅगा घेऊन उभं राहिल्यावर. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. दस्तुरीच्या पुढे खासगी मोटार जात नाही, दुचाकीही जात नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन बंब आणि अलीकडे आलेल्या मोजक्या ई-रिक्षा सोडल्या तर डोंगरावर चाकं नाहीत. खोली मोबाइलवर मिळते, थाळीही मिळते. पाय मात्र घरूनच न्यावे लागतात.

दस्तुरी ते बाजारपेठ हे अंतर अडीच-तीन किलोमीटरचं. रस्ता झाडीतून जातो, चढ फारसा नाही. पाठीवर एकच सॅक असेल तर पाऊण तास लागतो आणि मजेत जातो. चाकांची मोठी बॅग घेऊन मात्र कोणी जाऊ नये. लाल दगडधोंड्यांच्या वाटेवर तिची चाकं पहिल्या दहा मिनिटांत कुरकुरायला लागतात, आणि मग ती उचलणाऱ्या हमालाला आपण निमूट पैसे देतो. नाक्याजवळ अमन लॉज स्टेशन आहे. तिथून बाजारपेठेजवळच्या माथेरान स्टेशनपर्यंत शटल गाडी जाते. आजी-आजोबा बरोबर असतील तर तीच पकडावी. तिकिटाच्या रांगेत घरातल्या तरुणाला पुढे पाठवावं. घोडेही आहेतच. माणसाने ओढायच्या हातरिक्षांची इथे पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा देण्यावर भर दिला. उशिरा का होईना, हे झालं ते योग्यच. माणसाने माणसाला ओढत चढावर न्यायचं आणि वरच्याने रानाची शोभा बघायची, यात सहलीची मजा कधीच नव्हती.

खालून दस्तुरीपर्यंत यायला दोन मार्ग. नेरळ स्टेशनबाहेर भागीदारीच्या टॅक्सी उभ्या असतात. माणसं भरली की निघतात आणि सात-आठ किलोमीटरचा खडा घाट चढून वर आणून सोडतात. स्वतःची गाडी असेल तर हाच घाट आपण चढायचा आणि गाडी दस्तुरीच्या वाहनतळावर ठेवायची. घाट अरुंद आणि वळणं आवळ, त्यामुळे नव्याने गाडी शिकलेल्याने इथे सराव करू नये. मुंबईकरांना कर्जत किंवा खोपोली लोकल थेट नेरळला सोडते. पुणेकरांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरावी.

दुसरा मार्ग अर्थातच मिनी ट्रेनचा. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ही दोन फुटी रुळांची लाइन घातली. पैसा घरचाच होता. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी छोटी स्टेशनं घेत ती विसेक किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरच्या आसपास वर चढते. वाटेत बोगदा एकच, तोही इतका तोकडा की त्याचं नाव ‘वन किस टनेल’ पडलं. जुलै २००५ च्या पावसाने ही लाइन वाहून गेली, २०१९ मध्ये पुन्हा तेच झालं, आणि नेरळपासूनची गाडी परत रुळावर यायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. पावसाळ्यात नेरळ-माथेरान गाडी बंद असते. अमन लॉज-माथेरान शटल तेवढी चालते. हे ठाऊक नसल्यामुळे जुलैत मुलांना गाडीचं आमिष दाखवून आणलेले आईबाप नेरळच्या खिडकीशी हिरमुसलेले दिसतात. वेळापत्रक दर हंगामात बदलतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्यावं. एवढं मात्र नक्की की गाडीला अडीच तासांच्या वर लागतात. जायला गाडी आणि यायला टॅक्सी हा सगळ्यांत शहाणपणाचा हिशेब, कारण रविवारी संध्याकाळी कोणालाच अडीच तास नसतात.

आता मुख्य विषय. दस्तुरीवर घोडेवाले विचारतात, “साहेब, सात पॉइंट करायचे की बारा?” माथेरानला अडतीस पॉइंट आहेत असं सांगतात, आणि यादी हातात आली की मराठी माणूस पंढरीच्या वारकऱ्याच्या निष्ठेने ती पुरी करायला निघतो. परिणाम असा होतो, की घोड्यावरून उतरायचं, फोटो काढायचा, वर चढायचं. दुपारपर्यंत सगळ्या दऱ्या एकसारख्या दिसू लागतात. यात घोडेवाल्याचा दोष नाही. त्याचं पोट त्यावर आहे आणि दराचे फलक लावलेले असतात, ते वाचून ठरवावं. दोष यादीचा आहे.

त्यापेक्षा हा डोंगर आधी समजून घ्यावा. माथेरान म्हणजे सुमारे आठशे मीटर उंचीवरचं एक उत्तर-दक्षिण पसरलेलं पठार. खाली काळा बेसॉल्ट, वर जांभ्या दगडाची टोपी. बाजारपेठ आणि हॉटेलं बरीचशी मधल्या भागात, आणि पॉइंट सगळे कडेला. जांभा सच्छिद्र, त्यामुळे एवढा पाऊस पडूनही पाणी मुरतं नाहीतर कड्यांवरून कोसळून जातं, आणि उन्हाळ्यात पाण्याची चणचण होते. शार्लोट तलाव आहे, पण तो पिण्याच्या पाण्याचा. त्यात पोहायला उतरू नये. खालून पंपानेही पाणी चढवावं लागतं. हॉटेलात नळ सोडून दात घासताना हे आठवलं तरी पुष्कळ. त्याच जांभ्यामुळे तांबडी माती बुटांत, मोज्यांत, पँटच्या मोहरीत शिरते आणि दोन धुण्यांनीही निघत नाही. पांढरे बूट घरी ठेवावेत. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही यावर गावात वर्षानुवर्षं वाद झाला. न्यायालयाने तेवढ्या रस्त्याला परवानगी दिली, पण आतल्या पाऊलवाटांना नाही. चालणाऱ्याच्या दृष्टीने हे बरं झालं.

पठार असं असल्यामुळे एका वेळी एकच कड धरून चालायचं आणि तिच्यावर जे पॉइंट लागतील ते आपोआप बघायचे. कोणती कड कधी, हे ऊन ठरवतं.

शनिवारी दुपारी जेवून निघणाऱ्याने पश्चिमेची कड घ्यावी. बाजारपेठेतून शार्लोट तलावाकडे उतरावं. तलावाकाठी पिसारनाथाचं जुनं देऊळ आहे, ग्रामदैवत आहे, दोन मिनिटं टेकावं. पुढे इको पॉइंट. इथे ओरडणाऱ्यांची रांग लागते आणि दरी बिचारी प्रत्येकाला उत्तर देते. तिथे फार वेळ काढू नये. कडेकडेने लुईझा पॉइंट गाठावा आणि सूर्य खाली येईपर्यंत तिथेच बसावं. समोर दरीपलीकडे प्रबळगडाचा लांबलचक माथा उभा असतो. ऊन तिरपं झालं की त्याच्या कातळातल्या आडव्या थरांच्या रेघा एकेक करून उघड्या पडतात: एक काळा पट्टा, त्याखाली गवताची पिवळी कड, पुन्हा काळा. लाव्हाचे थर एकावर एक कसे साचले, हे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा इथे लवकर कळतं. ‘सनसेट पॉइंट’ म्हणून सगळे पॉर्क्युपाइन पॉइंटला जातात. तोही छान आहे, पण तिथे कणीस आणि गोळ्याच्या गाड्यांमधून सूर्य शोधावा लागतो. माझं मत लुईझाला. परतताना अंधार होणार आणि रानातल्या वाटांवर सगळीकडे दिवे नसतात, म्हणून प्रत्येकाकडे टॉर्च हवा. मोबाइलच्या बॅटरीवर विसंबून राहू नये.

रविवारची पहाट पूर्वेची. सूर्योदयाला पॅनोरमा पॉइंट हे समीकरण ठरून गेलं आहे. पॅनोरमा डोंगराच्या उत्तर टोकाला, बाजारपेठेपासून चांगलाच लांब. चालत जायचं तर अंधारात साडेचारला निघावं लागतं. मोठ्यांनी जरूर जावं, नजारा त्या तोडीचा आहे. पण मुलं बरोबर असतील तर हा हट्ट सोडावा. खंडाळा पॉइंट बाजारपेठेपासून जवळ आहे आणि पुढे अलेक्झांडर पॉइंटवरून गारबटचं पठार आणि खालचं उल्हास नदीचं खोरं उजळताना दिसतं. उठून तोंड धुऊन, चहा घेऊन आरामात पोचता येतं. तिथून पूर्वेची कड धरून रामबाग, मग दक्षिणेला चौक पॉइंट आणि वन ट्री हिल. नाश्त्याला परत यायचं की डबा बरोबर घ्यायचा, एवढंच आदल्या रात्री ठरवावं. डबा घेतला तर तो सॅकच्या आत ठेवावा. हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे माकडांना आमंत्रण. आत खाऊ आहे की औषधं याची ती चौकशी करत नाहीत.

या दक्षिण टोकाला थोडा इतिहासही आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावी मुक्कामाला असताना वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. याला पुस्तकांत ‘माथेरानचा शोध’ म्हणतात. ठाकर, कातकरी, धनगर यांची या डोंगरात त्याआधीही ये-जा होती. त्यांना तो हरवलेला वाटत नव्हता. वन ट्री हिलजवळून खाली उतरणाऱ्या वाटेला शिवाजीची शिडी म्हणतात. आणि बाजारपेठेत चिक्की, चपला घेताना एवढं ध्यानात असू द्यावं, की सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल याच गावचे. त्यांचा जन्म माथेरानचा, १९१२ सालचा.

ज्यांना नुसती सपाटी पुरत नाही त्यांनी चढूनच यावं. भिवपुरी रोड स्टेशनात उतरून डिकसळ, पाली-भुतिवलीचं धरण, सागाची वाडी करत गारबटवर चढता येतं. पनवेलच्या बाजूने धोधाणीहून सनसेट पॉइंटला वाट येते. दोन्ही वाटा दमवणाऱ्या आहेत, आणि पहिल्यांदा जाताना वाडीतला माणूस बरोबर घ्यावा. त्याला रीतसर पैसे द्यावेत, ‘चहापाणी’ नव्हे.

पावसाळ्याबद्दल थोडं कडक बोलायला हवं. जुलै-ऑगस्टचं माथेरान सुंदर असतं हे कबूल: धुकं, शेवाळलेली खोडं, खोल्याही स्वस्त. पण कड्यावरून दिसत काही नाही. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून ‘इकडे दरी आहे’ असं मुलांना सांगावं लागतं. जांभ्याच्या कडा त्या दिवसांत सुटतात, शेवाळावर पाय सरकतो आणि पुष्कळ पॉइंटना धड कठडे नाहीत. माथेरानसमोरच्या इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडीतली अनेक घरं गाडली गेली. हवामान खात्याने रायगडला रेड अलर्ट दिला असेल तर खोलीचे पैसे बुडाले तरी चालतील, जाऊ नये. पावसातच जायचं असेल तर धुक्यातल्या चालण्यासाठी जावं आणि कडेपासून चार पावलं आत राहावं.

सगळ्यांत चांगला काळ ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. हवा स्वच्छ, खोरी अजून हिरवी, रात्री शाल लागेल इतकी थंडी. मार्च-एप्रिलला दरीत धुरकट असतं, पण झाडांची सावली गार असते. मे महिन्यात आणि जोडसुट्यांना बाजारपेठेत दादर स्टेशनइतकी गर्दी. त्यापेक्षा मंगळवार-बुधवारची रजा काढलेली स्वस्त पडते.

खोली घेताना दोनच गोष्टी फोनवर विचाराव्यात. पहिली, बाजारपेठेपासून चालत किती मिनिटं, आणि उत्तर ‘अगदी जवळ’ असं आलं तर पुन्हा विचारावं. दुसरी, खोलीत शिरायची आणि सोडायची वेळ काय. अनेक हॉटेलांत दोन्ही जेवणं भाड्यातच धरलेली असतात. सकाळी लवकर खोली सोडावी लागली आणि दुपारी उशिरा पोचलात तर पैसे भरलेलं एक जेवण हातचं जातं. रोख थोडी जास्त ठेवावी. रेंज गेली की घोडेवाल्याच्या फोनवर पैसे पाठवता येत नाहीत. रविवारी दुपारी तीननंतर शटलला, टॅक्सीला आणि नेरळच्या फलाटावर एकाच वेळी झुंबड उडते, तेव्हा बारापर्यंत दस्तुरी सोडावी किंवा सरळ सोमवारी उतरावं.

आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर माथेरानचा नाद सोडावा. येण्याजाण्यातच दिवस जातो आणि कड एकही नीट होत नाही. त्यापेक्षा त्याच नेरळला उतरून शेजारचा पेब किल्ला चढावा आणि दिवेलागणीला घरी यावं.