चहाडखोर रक्त

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायूतला साधारण २० टक्के वाटा तो एकटा फस्त करतो. फिट आली की ही भूक आणखी भडकते. असंख्य पेशी एकाच वेळी पेटून उठतात, रक्ताचा लोंढा तिकडे वळतो, आणि गडबड कुठे आहे याची चहाडी होते.

पूर्वी मात्र रक्तालाच गुन्हेगार समजत. लिव्हरपूलचे सर्जन विल्यम अलेक्झांडर यांनी १८८०च्या दशकात फिट थांबवण्यासाठी मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमन्याच बांधून टाकल्या! पुढे माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत. कवटी उघडी असताना फिट आली, तेव्हा त्यांना दिसलं की फिटच्या जागी रक्त वाढतं.

गडबड मुळात होते कशी? कधी कधी तिची सुरुवात आईच्या पोटातच होते. चेतापेशी मेंदूच्या आतल्या पोकळीलगत जन्मतात आणि प्रवास करत पृष्ठभागाकडे येतात. मागून जन्मलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून वरचा थर गाठतात. यात घोळ झाला की मेंदूच्या सालीची घडण बिघडते. १९७१मध्ये लंडनच्या डेव्हिड टेलर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांतल्या अशा अवाढव्य, वेड्यावाकड्या पेशींचं वर्णन केलं. तोच हा ‘फोकल कॉर्टिकल डिसप्लेशिया’.

आणखी एक नमुना ‘डबल कॉर्टेक्स’. एक्स गुणसूत्रावरचं डीसीएक्स जनुक बिघडलं तर मुलींच्या मेंदूत सालीखाली पेशींचा आणखी एक पट्टा तयार होतो. मुलांचा मेंदू मात्र बहुधा वळ्यांविना, जवळपास गुळगुळीत राहतो.

डिसप्लेशिया कधी इतका बारीक असतो की एमआरआयलाही चकवतो. मग येतो स्पेक्ट स्कॅन, आणि खरी धमाल इथेच आहे. एरवी फिट टाळण्यासाठी धडपडणारे डॉक्टर इथे औषधं कमी करून तिची वाट पाहतात. कॅमेरा आणि ईईजी चालू, किरणोत्सारी टेक्निशियमचं इंजेक्शन तयार. फिट सुरू झाली की काही सेकंदांत ते शिरेत जायला हवं. औषध रक्ताबरोबर मेंदूत पोचतं आणि तिथेच अडकून बसतं. त्यामुळे फोटो तास-दोन तासांनी काढला तरी दिसतो तो फिटच्या वेळचाच रक्तपुरवठा! इंजेक्शनला उशीर झाला तर मात्र फिट पसरलेली असते आणि भलताच भाग उजळतो. फिट नसताना तोच दोषी भाग बऱ्याचदा उलट फिकट दिसतो, म्हणून दोन्ही चित्रांची वजाबाकी करून एमआरआयवर बसवतात. नेमकी जागा सापडली तर ती शस्त्रक्रियेनं काढायचा विचार करता येतो.

फिट ओसरल्यावर रक्त पुन्हा पलटी मारतं. २०१६मध्ये कॅल्गरीच्या संशोधकांनी दाखवलं की उंदरांत त्यानंतर तासभराहून अधिक काळ तेवढ्या भागाला प्राणवायूची चणचण भासते. काहींचा हात किंवा पाय फिटनंतर थोडा वेळ लुळा पडतो, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

आणि फिट आलेल्याला हुंगवतात तो आपला कांदा, चप्पल? बहुतेक फिट मिनिट-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, श्रेय फुकट कांद्याला जातं. तुम्ही माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर १०८ लावा.