सिंदखेडराजा : वाडा राखला, गावाचं काय?

जालन्याहून जुन्या नागपूर-मुंबई रस्त्याने निघालं की बुलढाणा जिल्ह्यात शिरताशिरताच सिंदखेडराजा लागतं. एका अंगाला मराठवाडा, दुसऱ्या अंगाला वऱ्हाड. त्यामुळे इथल्या बोलीत दोन्हीकडचं पाणी मिसळलेलं. लखुजीराजे जाधवांचा वाडा कुठे, असं कुणाला विचारावं लागत नाही. रस्त्याला लागूनच त्याचा दरवाजा उभा आहे आणि त्याच्यासमोर नगरपरिषदेनं जिजाऊंच्या नावाने केलेली बाग आहे. दरवाजाची छाती अशी, की आत तेवढाच तालेवार वाडा असेल असं वाटतं. आत गेल्यावर मात्र पायाखाली जोती येतात. इथे चौक असावा, तिथे दालन असावं, असा अंदाज बांधत फिरायचं. पोरांच्या सहली दरवाजात फोटो काढतात, जिजाऊंच्या जन्मस्थानाशी हात जोडतात आणि बाहेर पडतात.

जिजाऊंचा जन्म इथला, १२ जानेवारी १५९८, पौष पौर्णिमेचा. वडील लखुजीराजे निजामशाहीतले मातब्बर सरदार, देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं घराणं. आई म्हाळसाबाई. रंगपंचमीला लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवत होते. लखुजी गमतीने म्हणाले, जोडा शोभतो. आणि मालोजी भोसल्यांनी भर सभेत तो शब्द पकडला. बखरीतली ही गोष्ट गाव आपल्या रंगमहालाशी जोडतं. बखरी किती खऱ्या, हा वाद इतिहासकारांनी घालावा. रंगमहालात उभं राहिलेल्या माणसाला त्या वादात रस नसतो, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

पुढची हकिकत मात्र गमतीची नाही. खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरल्याचं निमित्त झालं आणि जाधव-भोसल्यांत तलवारी निघाल्या. त्यात जिजाऊंचे भाऊ दत्ताजी पडले, सासरचे संभाजी भोसलेही पडले. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी लखुजीराजांचाच घात झाला. त्यांच्यासोबत अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव मारले गेले. माहेरचे चार पुरुष एका दिवसात गेले, आणि पुढच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. हा सात महिन्यांचा हिशेब डोक्यात ठेवून गावातली लखुजीराजांची समाधी पाहावी. राजघराण्यातल्या हिंदू पुरुषाची एवढी मोठी समाधी देशात दुसरी नाही, असं गावकरी छातीठोकपणे सांगतात. बाकीच्या समाध्या मोजून आलेला कुणी भेटेपर्यंत त्यांचं ऐकायला हरकत नाही.

सिंदखेडचा इतिहास जिजाऊंपाशी थांबत नाही, हेही सांगायला हवं. १७५७ च्या अखेरीस पेशव्यांच्या फौजांनी निजामाच्या फौजेला इथेच कोंडीत पकडलं. १८०४ च्या सुरुवातीला इंग्रजांच्या जनरल वेलस्लीचा तळ इथे पडला, तेव्हा या मुलखात उपासमार आणि लूटमार यांनी कहर केल्याचं त्याने लिहून ठेवलं. अशा वाटेवरच्या गावात चारशे वर्षांची वास्तू उभी राहते, तीच नवलाची गोष्ट.

आता मुद्द्याचं. हे घर आज कुणाच्या भरवशावर उभं आहे?

समाधी केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. वाडा, रंगमहाल, नीळकंठेश्वराचं देऊळ, काळाकोट, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव ही राज्याच्या पुरातत्त्व विभागाची संरक्षित स्मारकं. वाड्यासमोरची बाग नगरपरिषदेची. रस्ता आणखी कुणाचा. एकेकाळी एकाच घराण्याच्या हाती असलेलं गाव, आणि त्याचे कागद मात्र तीन-चार कचेऱ्यांच्या कपाटांत. भाऊबंदकीत वाटणी झालेल्या शेतासारखं हे झालंय: प्रत्येकाचा धुरा ठरलेला, पण विहिरीचं पाणी कुणाचं, हे कुणी बोलत नाही.

पाण्याची गोष्ट उगाच काढली नाही. वाडा समजायचा असेल तर मोती तलावाच्या दगडी बांधावर जावं लागतं. वाड्यातली वस्ती, फौजफाटा, बागा, बाजार हे सगळं ज्या पाण्यावर उभं होतं, ते अडवण्याची सोय इथे आहे. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत आहे. पुतळा बारवेत पायऱ्या उतरत गेलं की भिंतींमधून कोरलेल्या मूर्ती दिसू लागतात, म्हणून ती पुतळा बारव. सजना बारव निराळी. काळाकोटाच्या भिंतींची रुंदी पाहिली की हा नुसता राहता वाडा नव्हता, सदासर्वदा लढाईच्या तयारीतलं ठाणं होतं, हे उमगतं. हे सगळं मिळून एक घर होतं. सरकारी यादीत मात्र त्याचे सुटे सुटे भाग आहेत.

यादीत असण्याचा फायदा काय, हे समाधीनं २०२४ मध्ये दाखवून दिलं. केंद्राच्या नागपूर मंडळाची माणसं समाधीच्या आवारात दुरुस्तीचं काम करत होती. काम करताना काही वेगळे दगड दिसले. जपून खणत गेले, तर एका शिवमंदिराचं जोतं लागलं. आणखी खाली, सव्वादोन मीटरवर, शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली: १.७० मीटर लांब, एक मीटर उंच. विष्णू शेषावर पहुडलेला, लक्ष्मी पाय चुरते आहे, आणि पाटावर समुद्रमंथनाचा देखावा. मूर्तीचा दगड मऊ जातीचा, क्लोराइट शिस्ट नावाचा. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टात नखाएवढे दागिने कोरणं जड जातं. या दगडात ते साधतं. तिथे पुरातत्त्वाच्या जागी एखाद्या ठेकेदाराचं जेसीबी असतं, तर त्या शेषाचे किती तुकडे झाले असते, याची कल्पना करवत नाही.

म्हणजे कायद्यानं काम केलं. पण कायदा वास्तूचा असतो, वस्तीचा नसतो. केंद्राचा कायदा १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीनं. राज्याचा कायदा १९६० चा. त्यात शासन आधी इरादा जाहीर करतं, दोन महिने हरकतींना देतं आणि मग अंतिम अधिसूचना काढतं. दोन्ही कायदे आपापल्या परीने खमके आहेत, पण त्यांची भाषा मनाईची. जिल्ह्यातच लोणारला भर वस्तीत संरक्षित देवळं आहेत. तिथे देवळाशेजारी राहणाऱ्याला घराच्या दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते, आणि मग वारसा हा शब्द त्याला अडचणीचा वाटायला लागतो. त्याला दोष देता येत नाही.

तिसरी वाट आहे ती नगरपरिषदेची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात वारसा इमारती आणि वारसा परिसर यांच्या जपणुकीची तरतूद करता येते. मुंबईनं १९९५ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. देशातल्या कुठल्याही शहरातले ते पहिले. २०२० च्या डिसेंबरात राज्यानं मुंबई सोडून बहुतेक ठिकाणी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली, तिच्यातही वारशासाठी तरतूद आहे आणि ती नगरपरिषदांनाही लागू होते. यादी तयार करायची, लोकांच्या हरकती-सूचना ऐकायच्या, शासनाची मान्यता घ्यायची. इमारतींना श्रेणी द्यायची. पहिल्या श्रेणीतलीला शक्यतो हात लावायचा नाही. दुसरीत आतले बदल चालतात. तिसरीत आणखी मोकळीक, फक्त गल्लीचा चेहरा मोडायचा नाही.

सगळी मेख या श्रेणींमध्ये आहे. वाड्याला तिसऱ्या वाटेची गरज नाही; त्याला राज्याचं संरक्षण आहे आणि लोकांचं प्रेमही. गरज आहे ती या भागातल्या जुन्या गावठाणांतल्या बिननावाच्या घरांना. ढेलजेतून आत गेलं की चौक, चौकाभोवती ओसरी, भिंतीत देवळ्या, धान्याचं बळद, वर तुळयांवर लाकडाची लादणी आणि तिच्यावर मातीचं धाबं. दर पावसाळ्याआधी धाब्यावर पांढऱ्या मातीचा थर पडला नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओल लाकडात उतरते. एक तुळई कुजली की घरमालक मिस्त्रीला बोलावतो, मिस्त्री म्हणतो, दादा, स्लॅब टाका, कटकट मिटवा. आणि कटकट मिटते. जुनं लाकूड भंगारवाल्याकडे, घडीव चिरे नव्या घराच्या पायात, कोरीव खांब एखाद्या महामार्गावरच्या हॉटेलात. कायदा कुठेच मोडलेला नसतो, कारण घर कुठल्याच यादीत नसतं.

अशा घराला पुरातत्त्वाचा शिक्का परवडत नाही. तिथे माणसं राहतात. त्यांना संडास हवा, लग्नाच्या मुलाला खोली हवी. नगरपरिषदेची तिसरी श्रेणी त्यांना खोलीही देते आणि दर्शनी भिंतही वाचवते. निदान कागदावर. प्रत्यक्षात अडचण पैशाची. मुंबई-पुण्यात वारसा इमारतीच्या मालकाला विकास हक्क हस्तांतरणाचा मोबदला मिळू शकतो, कारण तिथे तो विकत घेणारा बिल्डर आहे. एक-दोन मजली घरांच्या तालुक्याच्या गावात असे हक्क विकत घेणार कोण? इथे घरपट्टीत सवलत, दुरुस्तीला थोडी मदत आणि चुन्याचं काम जाणणारा एक गवंडी, एवढं मिळालं तरी मालक ऐकेल. नुसती नोटीस चिकटवली, तर तो यादी जाहीर व्हायच्या आतच घर उतरवून मोकळा होईल. वारसा याद्यांच्या बाबतीत हा धोका जगभर खरा ठरला आहे.

गवंड्याचा विषय किरकोळ वाटेल, पण वाड्यापासून धाब्याच्या घरापर्यंत सगळ्यांचं आयुष्य त्यावर ठरतं. जुनी भिंत चुन्याची असते. चुना घाणीत मळायचा, त्यात वाळू, विटांची भुकटी. प्रांताप्रांताप्रमाणे गूळ, बेलफळ, उडीद, हिरडा, तागाचा काथ्याही पडायचा. असा चुना हळूहळू घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. त्याच भिंतीच्या दरजा सिमेंटनं भरल्या की वरून काम टापटीप दिसतं, पण ओल आतच कोंडते, मग दगडाचे पोपडे सुटतात, विटांची माती होते. जुन्या वास्तूत कुठेही गेलात तर दरजांकडे पाहा. राखाडी, गुळगुळीत रेघ दिसली तर समजा की कुणीतरी घाईत मदत केली आहे.

यादीत उशिरा येण्याची किंमत काय असते, ते पुण्यानं पाहिलं. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडा वर्षानुवर्षं भाडेकरू आणि पालिका यांच्या कोर्टकज्ज्यात पडून राहिला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तोवर वाड्यात वाचवण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला गेला, स्मारक बांधण्यासाठी. स्मारक चांगलंच होईल, पण ते घर नसेल. न्यूयॉर्ककरांनाही कायदा सुचला तो आपलं पेन्सिल्व्हेनिया रेल्वे स्थानक १९६३ मध्ये पाडायला घेतल्यावर; १९६५ मध्ये तिथल्या महापालिकेनं वारसा कायदा केला. घर गेल्यावर शहाणपण येणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

सिंदखेडराजाचं दैव त्या मानाने चांगलं. इथे घर आहे, आणि दरवर्षी १२ जानेवारीला ते जागं होतं. सूर्योदयाला लखुजीराजांच्या वंशजांच्या हातून वाड्यात पूजा होते, मग दिवसभर गावात माणूस मावत नाही. वाड्यापासून जिजाऊसृष्टी या स्मारक-परिसराकडे लोंढा निघतो. राज्यभरातून एसट्या, ट्रॅक्टर, जीपगाड्या येतात. डोक्याला फेटे बांधलेल्या बाया, खांद्यावर लेकरं, पुस्तकांचे स्टॉल, वक्ते, घोषणा. जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणतात ते जिजाऊंच्या या जन्मस्थानामुळेच. हीच गर्दी गावाच्या चेहऱ्याची जामीनदार होऊ शकते. तिच्यासाठी रस्ते रुंद करायचे, वाहनतळ करायचे, दुकानगाळे काढायचे म्हणून गावठाण मोडलं, तर हीच गर्दी घातकही ठरेल. या दोन्हींमधला निर्णय पुरातत्त्व खात्याचा नाही. तो विकास आराखड्याचा आहे, म्हणजे नगरपरिषदेच्या सभेचा, म्हणजे मतदारांचा. आराखड्यावर हरकती-सूचना मागवणारी जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. ती वाचून ‘आमच्या गल्लीतली ही घरं यादीत घ्या’ असा साध्या कागदावरचा अर्ज कुणालाही देता येतो.

पाहायला जायचं असेल तर जन्मोत्सवाचे दिवस टाळून जावं. गर्दी पाहायची असेल तर त्याच दिवशी. समृद्धी महामार्गावरून सिंदखेडराजाला उतरायची सोय आहे, जालन्याहून जुन्या रस्त्यानेही फार वेळ लागत नाही. सकाळी लवकर वाडा, मग रंगमहाल आणि काळाकोट, ऊन चढायच्या आत पुतळा बारव. समाधीला निवांत वेळ द्यावा. मोती आणि चांदणी तलाव पावसाळ्यानंतर, पाणी असताना पाहावेत. हाताशी दिवस असेल तर जवळच्या देऊळगावराजाला जाधवांच्याच बालाजीचं दर्शन घेऊन पुढे लोणार गाठता येतं.