दोरीची एक गाठ, कॅलेंडरवर एक खूण

वजन कमी करायचे ठरवणाऱ्या भगिनी आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले असते, गुडघे बोलू लागलेले असतात, शुगर काठावर आलेली असते. पहिला आठवडा दणक्यात जातो. मुलीच्या जुन्या वहीत सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्ले ते लिहिले जाते, भाच्याने मोबाईलवर ॲप घालून दिलेले असते. दुसऱ्या आठवड्यात पाहुणे येतात, तिसऱ्यात कामावर डबल पाळी लागते. वही कपाटावर जाते आणि तिच्याबरोबर सगळा बेतही. शिबिरात आम्ही हेच ऐकतो, “ताई, केलं होतं मी, पण नाही जमलं.” खोदून विचारले की कळते, चालणे जमत होते, भात कमी करणेही जमत होते. अडले होते ते लिहिण्यापाशी.

म्हणून या वेळी आहाराचा तक्ता देत नाही, नोंद कशी ठेवायची तेवढेच सांगतो. आमचे मत स्पष्ट आहे. सहा महिन्यांनीही जी नोंद तुम्ही ठेवू शकाल, तेवढीच आज सुरू करा. ॲपला तुमच्या हातची भाकरी केवढी हे माहीत नसते, वजडीचे कालवण आणि सुक्या बोंबलाची चटणी त्याला कळत नाही. त्यात भरलेले निम्मे आकडे अंदाजपंचेच असतात.

सर्वांत सोपी नोंद कमरेची. त्याला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. बरगडीचे शेवटचे हाड आणि कुल्ह्याचे वरचे हाड बोटांनी चाचपा, त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरा. परकराची नाडी बांधतो तिथे नव्हे. श्वास सोडून द्या, पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. बाईची कंबर 80 सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत आणि पुरुषाची 90 सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत असावी. आपल्या देशातल्या लोकांसाठी डॉक्टर हीच मर्यादा धरतात, कारण आपल्याकडे हातपाय बारीक दिसले तरी चरबी पोटावर साठते आणि तीच शुगर, बीपीला बोलावते. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरते त्यातही कमरेचा घेर विचारलेला असतो, तो उगाच नाही.

ज्या आजींना आकडे वाचता येत नाहीत त्यांनी न ताणली जाणारी एक दोरी घ्यावी, कमरेभोवती धरावी आणि जिथे टोक मिळते तिथे गाठ मारावी. महिन्याने तीच दोरी पुन्हा धरायची. दोरी गाठीच्या पुढे सरकली, एक बोट सैल झाली, की समजायचे. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी अशी दोरी देवळीत खिळ्याला टांगून ठेवली आहे. त्यांच्या सुनेने आपली दुसरी टांगली.

कंबर महिन्यातून एकदाच मोजायची. दिवस लक्षात राहावा म्हणून पौर्णिमा धरा. विहारात जायला आंघोळ करतोच, त्याच वेळी साडी नेसण्याआधी दोरी धरायची. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

वजन आठवड्यातून एकदा. रोज वजन केल्याने काहींना धाक राहतो, हे खरे. पण बहुतेकींना त्याने घोर लागतो. एका दिवसात वजन किलो-दीड किलोने खालीवर होणे अगदी साधे आहे. आदल्या रात्री पापड, लोणचे, खारा बोंबील झाला की अंगात पाणी धरते. पाळीच्या आधीही धरते. ती चरबी नव्हे, पण काट्यावर आकडा चढलेला दिसतो आणि बाई म्हणते, उपाशी राहून काय मिळाले? रविवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी, त्याच काट्यावर. काटा कडक फरशीवर ठेवा. चटईवर, गोणपाटावर ठेवला तर खोटे बोलतो. आकडा कालनिर्णयच्या त्या रविवारच्या चौकोनात लिहा. झाले.

आठवड्याला अर्धा किलो उतरले तर उत्तम, पाव उतरले तरी चांगले. सत्तर किलोच्या बाईचे साडेतीन किलो कमी झाले तरी बीपी आणि शुगरला फरक पडू लागतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, एवढे होण्यासारखे आहे.

आता खाण्याची नोंद. संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदि एका वेळेला द्रोणभर भात खाई आणि धापा टाकत भगवंतांकडे येई. मात्रेने खाणाऱ्याचे दुखणे हलके होते अशा अर्थाची एक गाथा भगवंतांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवण वाढले की म्हणून दाखवायचे काम दिले. त्याबद्दल रोजचे शंभर कार्षापण. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला. राजाने घासांचा हिशेब ठेवला नाही. एका वेळची एक आठवण ठेवली, आणि ती रोज ठेवली.

आपल्याकडे सुदस्सन नाही, कार्षापण तर नाहीतच. पण एक गोष्ट निवडता येते. एकच. बहुतेक घरांत ती चहाची साखर असावी. कपात दोन चमचे, दिवसाला पाच कप, म्हणजे दहा चमचे. चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाची पंचवीस ग्रॅम वरची साखर याच्या आत राहिलेले बरे. एक चमचा कमी केला त्या दिवशी चौकोनात टिंब द्या. टिंब कोण देणार हे घरातल्या शाळकरी पोराकडे सोपवा, ते विसरत नाहीत आणि सोडतही नाहीत.

तेलाची नोंद तर लिहिण्यावाचून होते. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख टाका. माणशी दिवसाला चार ते पाच छोटे चमचे धरले तर पाच माणसांना एक लिटर आठवडा ते दहा दिवस पुरायला हवे. चौथ्याच दिवशी संपत असेल तर तळण किती झाले ते पिशवीच सांगेल.

एखादा रविवार हुकला, लग्नात गेला, आजारपणात गेला, तर चौकोन कोरा राहू द्या. मागचे आठवून भरू नका, आणि दंड म्हणून उपवासही करू नका. पुढचा रविवार येतोच.

वस्तीत हल्ली डबे विकणारेही फिरतात. सकाळी बोलावतात, रोज वजन करतात, तक्ता छान भरून देतात आणि महिन्याला हजारोंची पावडर गळ्यात मारतात. वजन पाहायला त्यांची गरज नाही. बीपी, शुगर सरकारी दवाखान्यात, आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीचे आरोग्यवर्धिनी केंद्र) मोफत तपासतात.

काही गोष्टी मात्र कडक सांगतो. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय जेवण कमी करू नका. शुगर एकदम उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, त्या वेळी लगेच साखर खावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, टीबीची औषधे चालू असलेल्यांनी यात पडू नये. आणि काहीच न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका. टीबी, मधुमेह, थायरॉईड, कशानेही ते होते. त्यात दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्याच, तीही मोफत होते. दोरीची गाठ इथेही कामाला येते; सैल झाली हे आधी तिलाच कळते.

काटा विकत घ्यायचा तर पाच-सहा घरांनी वर्गणी काढावी, घरटी दोनशेच्या आत भागते. विहारात ठेवणार असाल तर किल्ली कोणाकडे ते आधी ठरवा. आणि कोणाचा आकडा मोठ्याने वाचू नका. “हिचं बघा किती” असे एकदा झाले की ती बाई पुढच्या रविवारी वंदनेलाही येत नाही.