प्रवासाचे पॉइंट वटवावेत केव्हा?

विमानकंपन्या व बँका आपल्या नित्याच्या ग्राहकांच्या खात्यावर जे पॉइंट जमा करतात, ते तिकिटासाठी केव्हा खर्ची घालावेत आणि केव्हा रोख भाडे देऊन शिल्लक ठेवावेत, हा प्रश्न आता आपल्यासारख्या अध्यापकांना व संशोधक विद्यार्थ्यांनाही पडू लागला आहे. चर्चासत्रांच्या निमित्ताने घडणारा प्रवास आणि खिशातील क्रेडिट कार्ड ही त्याची दोन कारणे होत. प्रश्न व्यवहारातला खरा. परंतु त्यात मूल्यविचाराचा एक घोळ आहे आणि त्या घोळास काही अंशी भाषाही जबाबदार आहे. म्हणून या पत्रिकेत त्याचा परामर्श घेणे अप्रस्तुत ठरू नये.

‘मला पाच हजार पॉइंट मिळाले’ असे आपण म्हणतो. या वाक्यात बोलणारा चतुर्थीत आहे. तो केवळ घेणारा आहे, त्याने काही दिल्याची खूण वाक्यात कोठेही नाही. पुढे याच पॉइंटांवर काढलेल्या तिकिटाला आपण ‘फुकट’ हे विशेषण लावतो. वस्तुतः त्या पॉइंटांची किंमत आपण भरलेल्या भाड्यात, किंवा दुकानदाराने बँकेला दिलेल्या कमिशनात, आधीच वसूल झालेली असते. या व्यवहाराला नेमके बसणारे क्रियापद मराठीत पूर्वीपासून आहे, ते म्हणजे ‘वटवणे’. हुंडी वटवताना सराफ वटाव कापून घेई. कागदावरचा आकडा आणि हाती पडणारी रक्कम यांत अंतर राहणारच, हे त्या शब्दाच्या वापरातच गृहीत होते. पॉइंटवर तर रुपयांचा आकडाही नसतो. रेल्वेच्या तिकिटांशी जोडलेल्या काही बँककार्डांवर एका पॉइंटचा एक रुपया असा ठरीव दर आढळतो, तेथे प्रश्न सोपा आहे. विमानप्रवासाच्या बाबतीत मात्र दर प्रत्येक तिकिटागणिक नव्याने काढावा लागतो.

तो काढण्याची रीत अवघड नाही. नागपूर ते मुंबई या प्रवासाचे रोख भाडे ६,२०० रुपये आहे आणि तेच तिकीट ७,००० पॉइंट व वर १,१०० रुपये कर-शुल्क देऊन मिळते, असे उदाहरणादाखल मानू. कर-शुल्क बहुधा पॉइंटांत भागत नाही, हे येथे लक्षात घ्यावयाचे. तेव्हा ७,००० पॉइंटांनी वाचविलेले रुपये ५,१००. म्हणजे एका पॉइंटला सुमारे ७३ पैसे. रोख तिकीट काढले असते तर त्यावर आणखी ३०० पॉइंट जमा झाले असते, तेही आपण गमावतो. भाजक ७,३०० धरला की दर ७० पैशांवर येतो. हा दर आपल्या नेहमीच्या दराहून वरचढ असेल तर वटवावे, खाली असेल तर रोख द्यावे, असे सामान्यतः सांगितले जाते. भेटवस्तू किंवा खरेदीची कुपने घेऊन पॉइंट संपविण्यात बहुधा याहूनही कमी दर पडतो. त्याचा येथे अधिक विचार करीत नाही.

परंतु ही रीत यवतमाळच्या प्रवाशाला जशीच्या तशी लागू पडत नाही. का, ते एस. टी. महामंडळाच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ या पासावरून लवकर ध्यानात येते. चार किंवा सात दिवसांचा हा पास घेऊन कोणी आठवडाभर फिरला आणि त्या सगळ्या फेऱ्यांच्या भाड्याची बेरीज पासाच्या किमतीच्या दुप्पट भरली, तर त्याचा निम्मा पैसा वाचला काय? ज्या गावी तो एरवीही जाणारच होता, त्या गावचे भाडे तेवढे वाचले. केवळ पास होता म्हणून केलेल्या फेऱ्यांनी त्याला आनंद दिला असेल. पैसा वाचविला नाही.

हाच निकष विमानाला लावून पाहावा. यवतमाळला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमानसेवा नाही. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटरवर. अमरावतीजवळील बेलोरा येथून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. तथापि आपल्याजवळ ज्या कंपनीचे पॉइंट आहेत तिचेच विमान तेथून उडत नसेल, तर त्या पॉइंटांच्या दृष्टीने बेलोरा असून नसल्यासारखे. इकडे धामणगाव किंवा वर्धा येथे रात्री गाडीत बसले की सकाळी मुंबई. पॉइंट नसते तर आपल्यापैकी बहुतेकांनी ही गाडीच धरली असती. मग तुलना ६,२०० रुपयांशी करावयाची कशी? गाडीचे भाडे व स्थानकापर्यंतची एस. टी. मिळून २,००० रुपये मानू. पॉइंटांच्या तिकिटावर कर-शुल्काचे १,१०० आणि नागपूरच्या विमानतळापर्यंत पोहोचण्याचे ४०० असे १,५०० रुपये रोख जातातच. प्रत्यक्षात वाचले ५०० रुपये. सात हजार पॉइंटांनी भागले असता एका पॉइंटला ७ पैसे! विमान पहाटेचे असून त्यासाठी तीन हजारांची खाजगी गाडी करावी लागली, तर वजाबाकीच ऋण येते. वेळ वाचतो हे खरे. पण यवतमाळ ते नागपूरचा रस्ता, विमानतळावरील प्रतीक्षा आणि मुंबईत उतरल्यावरची वाट हे सारे मिळविले म्हणजे झोपेत काढलेल्या रेल्वेच्या रात्रीपुढे तो फारसा उरत नाही. वाचलेल्या तासांची किंमत ज्याची त्याने धरावी. मात्र ती पॉइंट वटविण्यापूर्वी धरावी, नंतर समर्थनासाठी नव्हे.

कार्यालयीन प्रवासाची बाब वेगळी आहे. प्रवासभत्त्याच्या देयकात प्रत्यक्ष भरलेली रक्कमच मागता येते. पॉइंटांवर काढलेल्या तिकिटात ती कर-शुल्कापुरती असते, उरलेला भार आपण स्वतःच्या खात्यावर घेतो. म्हणून जेथे भाडे परत मिळणार आहे तेथे रोख द्यावे, हे उघड आहे. मग त्या प्रवासावर जमलेले पॉइंट कोणाचे? केंद्र सरकारच्या २०१७ च्या प्रवासभत्ताविषयक आदेशाने, आपल्या कर्मचाऱ्यांपुरते, याचे उत्तर स्पष्ट दिले आहे: शासकीय तिकिटावरील पॉइंट शासकीय प्रवासासाठीच वापरावेत; खाजगी वापर केल्यास खातेनिहाय कारवाई होईल. हा विषय क्षुल्लक मानणाऱ्यांसाठी एवढेच नमूद करतो की, जर्मनीत ग्रेगोर गिझी यांनी २००२ साली याच कारणावरून बर्लिन राज्याचे मंत्रिपद सोडले. आपल्या विद्यापीठांतून याविषयी क्वचितच बोलले जाते, हे मला बरे वाटत नाही.

आता साठवणुकीविषयी. पॉइंटांवर व्याज नाही, आणि त्यांचा दर ठरविण्याचा अधिकार जो ते काढतो त्याच्याचकडे असतो. आज सात हजारांत येणाऱ्या तिकिटाला तो उद्या नऊ हजार मागू शकतो. किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली आणि तिचे पॉइंट व्यर्थ गेले. जेट एअरवेजचे उड्डाण एप्रिल २०१९ मध्ये बंद पडले. तिच्या पॉइंटांचा कारभार वेगळ्या कंपनीकडे असल्याने ते पुढे नव्या नावाने चालू राहिले. पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते राखले होते ती विमानेच उरली नव्हती. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिचे पॉइंट नव्या खात्यात वळते झाले, हे प्रवाशांचे सुदैव म्हणावयाचे. मी स्वतः एका कंपनीचे चार हजार पॉइंट परदेशातील एका परिषदेसाठी राखून ठेवले होते. मुदत कधी संपली ते कळलेही नाही. हाती असलेल्या पुढच्या एका प्रवासाला पुरतील याहून अधिक पॉइंट साठवू नयेत, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

गेल्या वर्षी आईला शस्त्रक्रियेसाठी मुंबईस न्यावे लागले. रात्रभर गाडीत बसणे तिला शक्य नव्हते, तेव्हा विमानावाचून पर्याय नव्हता. आणि तारीख दोन दिवसांवर असल्याने भाडे प्रत्येकी ९,५०० रुपयांवर गेले होते. पॉइंटांत तेच तिकीट ८,००० पॉइंट व १,१०० रुपयांना होते. येथे तुलना रेल्वेशी नव्हती, पूर्ण भाड्याशी होती. ८,४०० रुपयांना ८,००० पॉइंट, म्हणजे एका पॉइंटला एक रुपया पाच पैसे. तरीही ते खर्ची घालताना माझा हात क्षणभर अडखळला, कारण ते ‘मिळालेले’ होते आणि कशासाठी तरी ‘ठेवलेले’ होते. आईने विचारले, “तिकिटाला किती पडले रे?” मी म्हणालो, “अकराशे.” उत्तर खोटे नव्हते, पुरतेही नव्हते. सोळा हजार गेले. उरलेले एकोणीसशे अजून खात्यावर आहेत, आणि त्यांत कोठलेच तिकीट येत नाही.