भंगारातून उभी राहिलेली सायकल

भंगाराचा माल स्वस्त पडतो, पण तो दगा कुठे देतो हे वापरल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन भागातल्या पोरांना हे १९७०च्या दशकात कळले. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर शर्यतीची नाजूक सायकल टिकेना. म्हणून त्यांनी श्विन कंपनीच्या १९३०-४०च्या सुमाराच्या, जाड टायरच्या मोडक्या सायकली शोधल्या आणि मडगार्डसारखे फालतू वजन काढून टाकले.

खरी अडचण ब्रेकची. पेडल उलटे दाबले की मागच्या हबमध्ये ब्रेक लागायचा. फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर दोन मैलांत सुमारे १,३०० फूट खाली यावे लागे. हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. मग हब खोला, नवे ग्रीस भरा. त्यावरून उताराचेच नाव 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. पुढे कोणी ड्रम ब्रेक बसवले, कोणी मोटारसायकलचे लिव्हर. गॅरी फिशरने गिअर चढवले. तरी जुन्या फ्रेम वाकत, तुटत. अखेर १९७७ मध्ये जो ब्रीझ याने नव्या पोलादी नळ्यांची फ्रेमच बनवली.

१९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा मांडला. फ्रेम टॉम रिची बनवी. माल खपला, पण नावाचा ट्रेडमार्क काही हाती लागला नाही. कापडातही नक्षी एकाची आणि नफा दुसऱ्याचा, हे आपण पाहतोच. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली 'स्टंपजंपर' बाजारात आणली, आणि 'माउंटन बाइक' हा शब्द प्रत्येक दुकानदाराचा झाला.