फ्लोराइड दातावर हवं, पोटात मोजूनच

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात जुनी बारव आहे, पण तिथे काय किंवा उरलेल्या मराठवाड्यात काय, दुष्काळ पडला की भिस्त बोअरवर येते. खोल खडकात वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्यात फ्लोराइड जास्त उतरू शकतं. नांदेडच्या किनवट तालुक्याने हा त्रास भोगला आहे.

अशा भागात पोराच्या दातांवर डाग दिसले, की ‘दात घासत नाही’ म्हणून त्यालाच बोलणी बसतात. हे चूक आहे. समोरच्या दोन्ही दातांवर सारख्याच खडूसारख्या पांढऱ्या रेघा, पुढे त्या तपकिरी होत जाणं, ही फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडने होणाऱ्या विकाराची खूण. दात जबड्यात घडत असतानाच तो डाग आत बसतो. राखेने, कोळशाने घासून जात नाही, उलट दात झिजतात. कीड वेगळी. ती बहुधा दाढेच्या खाचेत काळी पडते, घास अडकतो, गार पाणी झोंबतं.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड उरतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. नुसती तुरटी फिरवल्याने गढूळपणा बसतो, एवढंच. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने बसवलेल्या नळगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना पाणी तपासून, मोजून घालावा लागतो.

मग फ्लोराइडची पेस्टही बंद करायची का? मुळीच नाही, आणि हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, ते दातातलं कॅल्शियम ओढून घेतं. लाळ ते परत भरते आणि फ्लोराइड त्या भरणीला बळ देतं. हे काम दाताच्या पृष्ठभागावर होतं, त्यासाठी पेस्ट गिळायची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, तीही मोठ्यांच्या देखरेखीत. थुंकायला शिकवा. मोठ्यांनी पेस्ट थुंकल्यावर तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, बरंचसं फ्लोराइड धुऊन जातं. मिसरी मात्र सोडाच. ती तंबाखू आहे, मंजन नव्हे.

अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला 1945 पासून नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालू लागले, कारण तिथल्या पाण्यात ते कमी होतं. आपल्याकडे भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. तुमच्या बोअरचा आकडा चवीने किंवा रंगाने कळत नाही. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचं किट मागा, नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा, आणि आकडा जास्त आला तर निदान लहान लेकरांच्या पिण्याचं पाणी आधी बदला.